मालनबाईची तपासणी

अखिल मानवजातीने अंतराळ पादाक्रांत केले आहे, अशी सोनेरी अक्षरे शिरूर कासारच्या सहकारी बर्फ पुरवठा संस्थेच्या कमानीवर झळकत होती. कमानीखाली कप्तान गहिनीनाथ आपल्या अंतराळजहाजाच्या फुटक्या नळीला सायकलची ट्यूब गुंडाळत बसला होता.

"आवळून बांधा, मालक," जहाज म्हणालं. "तपासायला बाई यायलीय."

"तू गप राहा. काय बी विचारलं तर मी बोलतो."

जहाजाचं नाव मालनबाई. कारखान्यातून आली तेव्हा गोड पुणेरी बोलायची. दोन फेऱ्यांत सुधारली. दसरा झाला की दोघं निघायची, मंगळापलीकडच्या धोंड्यांवरून बर्फ फोडायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला इथल्या कोरड्या तलावात आणून टाकायची. तालुक्याला प्यायला तेवढंच पाणी. असे सत्तावीस हंगाम झाले. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून जसा एक कोयता धरतात, तसा संस्थेत कप्तान आणि जहाज मिळून एक कोयता. बाकीचे कप्तान केव्हाच कंपन्यांच्या नोकरीत शिरले. गहिनीनाथ कुणाच्या हाताखाली गेला नाही. गावात त्याला घर नव्हतं. मालनबाईच्या पोटात वळकटी अंथरली की झालं घर.

आणि परवा संस्थेकडे त्यांच्या कोयत्याची तक्रार गेली. मजकूर त्याला कुणी दाखवला नाही. तपासणीला हजर राहा, एवढंच कळवलं. नापास झालेली जहाजं बीडला भंगारात जात.

"कुणी केली आसंल ओ?" मालनबाईनं चौथ्यांदा विचारलं.

"दुसरं कोन? चेअरमन आप्पाराव. त्याला भाच्याचं नवं जहाज लावायचंय."

"आसंल बाई. लोकाचा काय भरवसा."

तपासणीस शिवकन्या आली. वय पंचविशीचं, हातात कागद, चेहऱ्यावर काही नाही.

"फेरीला तेवीस दिवस उशीर झाला. इंजिन बंद पडलं?"

"इंजिन कशाचं, ताई. मीच झोपलतो. वळण हुकलं."

तिनं लिहून घेतलं. "उतरताना पंचायतीची टाकी पाडली."

"मला लांबचं दिसत न्हाई आता. ही बिचारी वरडत व्हती, मीच ऐकलं न्हाई."

"ही नळी?"

"लाथ मारली मी."

"कावून?" शिवकन्येनं पहिल्यांदाच मान वर केली.

गहिनीनाथनं जरा विचार केला. "राग येतो मला. लई."

खरं तर वाटेत इंजिन बसलं तेव्हा तेवीस दिवस तो त्याच्या उशाशी डोळ्याला डोळा न लावता बसून होता, आजारी म्हशीपाशी बसावं तसा. पण असलं कागदावर कुठं लिहिता येतं. एकेक खोट तो मुकाट्यानं आपल्या अंगावर घेत गेला. मालनबाई सांगितल्याप्रमाणे गप्प होती. गहिनीनाथला तिचं कौतुक वाटलं.

"सही करा. वाचून दाखवू का आधी?"

"नगं. जहाज पास हाय ना, तेवढं सांगा."

"जहाजात काही दोष नाही. तुमच्याच जबानीत आलंय."

त्यानं सही केली आणि मालनबाईच्या पत्र्यावर हात फिरवला. "ऐकलंस का गं?"



"नवा कप्तान सोमवारी रुजू होईल," शिवकन्या कागद घडी करत म्हणाली. "तुमचं सामान आजच काढा."

"नवा? कावून? तक्रार जहाजाची व्हती ना?"

"कप्तानाची होती. नुसत्या तक्रारीवर तुम्हाला काढता आलं नसतं. पण तुम्ही सगळं कबूलच केलंत."

"त्या आप्पारावला म्हणावं—"

"चेअरमनचा काय संबंध? अर्ज सभासदाचा आहे." तिनं कागद त्याच्यापुढं धरला. "मागच्या निवडणुकीत एक मत जास्तीचं पडावं म्हणून तुम्हीच हिला सभासद करून घेतलं होतं."

अर्जाखाली नाव होतं, मालनबाई.

गहिनीनाथ वळकटी काखेत मारून शिडी उतरला. चार पावलं गेला असेल, तोच मागून हाक आली.

"मालक, च्याचं पातेलं तेवढं राहू द्या. नवे मालक बी च्या पितेत म्हणं."