करकपात

भरदुपारी गिऱ्हाइकांदेखत कोयत्याचा घाव बसला आणि नगरसेवक दिनकररावांचा उजवा पंजा त्यांच्याच दुकानाच्या गल्ल्यावर तुटून पडला. चोर रमतगमत निघून गेले. कौन्सिल टॅक्स कमी करायचा म्हणून बाजारातली गस्त दिनकररावांनीच बंद करवली होती.

हॉस्पिटलात यमुनाबाई नवऱ्याच्या उशाशी जप करत होत्या. इथे इंग्लंडातच जन्मलेली नात, सिया, मराठी मंडळाचं जुनं पत्रक अक्षरं लावत वाचू लागली, "आपल्या दिनकररावांनी कर कापला! अभिनंदन!"

"आजी, कर म्हणजे हॅण्ड ना? रोज सकाळी आपण बघून नमस्कार करतो तो?"

"हो गं."

"मग आजोबांनी स्वतःचा कर कापला?"

यमुनाबाईंची माळ थांबली. खोटं न बोलण्याचा त्यांचा नेम होता.

"हो," त्या म्हणाल्या.