कासाराचा वर गेलेला हात

जवळ या मंडळी, ज्यूरीच्या काळातली, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष हे गावातले पंच ठरवत तेव्हाची गोष्ट सांगतो. हमालाला लाठीने ठार केल्याचा खटला एका हवालदारावर उभा राहिला आणि सदोबा कासार ज्यूरीत पंच नेमले गेले.

आदल्या संध्याकाळी कीर्तनात बुवांनी त्याच हवालदाराला कंस ठरवून विचारलं, “दोषी ना?” साऱ्या मंडपाबरोबर सदोबांचाही हात वर गेला. घरी जाताना मात्र त्यांच्या ध्यानात आलं, साक्षीदार अजून बोललेच नव्हते.

सकाळी ते न्यायाधीशांसमोर हात जोडून उभे राहिले. “साहेब, मला काढा. मी निकाल आधीच देऊन बसलोय.”

साहेबांनी त्यांना मोकळं केलं. बाहेर हमालाची बायको तडतडली, “दादा, आमच्या बाजूचे तुम्ही एक होतात, तेही पळालात!”



त्या हमालाचं नाव राणोजी. नामस्मरणाला बसाल तेव्हा त्याचीही आठवण काढा.