खडा काचेचा

पार्सलला हात लावायलाही वकिलानं नकार दिला.

"सही करा ना साहेब," कुरिअरवाला दारातून हलेना. "भारी विमा उतरवून पाठवलंय. हे परत घेऊन फिरायची मला भीती वाटते."

"विमा? काचेच्या अंगठीचा?" वकील हसला. "नाटकं बघ म्हातारीची. घेण्यास नकार, असं लिही आणि चालू लाग."

वकिली त्यानं कधी केली नव्हती. जुनी घड्याळं, पेनं, अंगठ्या असला माल तो घरात बसून ऑनलाइन विकायचा. माल परत करणाऱ्या गिऱ्हाइकाशी झालेलं एकही भांडण आजवर हरला नव्हता, म्हणून धंद्यातले लोक त्याला वकील म्हणायचे. त्याचे नियम पक्के होते. परत आलेलं पार्सल घ्यायचं नाही, कारण घेतलं की चूक कबूल केल्यासारखं होतं. गिऱ्हाइकाचा निरोप उघडायचा नाही, कारण उघडला की 'वाचला' अशी खूण उमटते आणि मग खुलासे करत बसावं लागतं. मोबाइलच्या पडद्यावर आपसूक दिसतात त्या दोन ओळी पुष्कळ झाल्या. उत्तर तयारच असायचं. तेच उचलून चिकटवायचं.

या बाईच्या दोन ओळी अशा होत्या : 'दादा, अंगठी तुम्ही लिहिली होती तशी नाही. मला ती ठेवून घेता येणार नाही. मनाला...'

मनाला काय होतंय ते वाचायला वकील रिकामा नव्हता. त्यानं चिकटवलं : 'मी काचेचाच खडा विकला. बाईंकडे दुसरा कुठला खडा असेल तर तो माझा नाही.'

पुन्हा दोन ओळी आल्या. 'पैशांची मला घाई नाही. आधी अंगठी नीट पोचू दे. एकदा फोन...'

"घाई नाही म्हणे," तो स्वतःशीच म्हणाला. "नवीनच चाल आहे."

मग त्यानं विक्रीच्या साइटकडे तक्रार केली. ही बाई सराईत भामटी आहे, माल मागवून भलताच परत करते, पिकल्या केसांनी चोऱ्या करते, हिचं खातं बंद करा. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत हे त्यांच्या खात्यावर लिहिलेलं होतं. वकिलानं तेही वापरलं. असल्या बाईनं पोरांना काय शिकवलं असेल, असं खाली जोडून दिलं.

अंगठी त्याच्या थोरल्या बहिणीची होती, तिच्या वारलेल्या नवऱ्यानं दिलेली. ताई हॉस्पिटलात पडून होती. हृदयाची झडप बदलायची होती, आणि आगाऊ रक्कम भरल्याशिवाय डॉक्टर तारीख देत नव्हते. दोन पावलं चालली तरी तिला धाप लागायची. वकिलानं ओळखीतल्या प्रत्येकापुढे हात पसरले होते. अंगठीच्या पैशांत फक्त औषधं आली.

"त्या बाईंचं काय झालं रे?" ताईनं विचारलं.

"काय व्हायचंय? चिरडली."

"घेऊन टाक ना परत. कशाला कुणाला रडवायचं?"

"पैसे तुझ्या गोळ्यांत गेले, ताई. परत कुठून देऊ? आणि तू झोप. तुझ्यासाठीच भांडतोय."

ताई छताकडे बघत म्हणाली, "ते गंमतच करायचे. दिरांसमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, काचेची आहे, हरवली तरी चालेल. आणि मी बेसिनवर काढून ठेवली की घर डोक्यावर घ्यायचे."

"भाऊजींची ऐपत मला ठाऊक होती," वकील म्हणाला. "जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिला माणूस. त्याची अंगठी मी उजेडात धरूनसुद्धा बघितली नाही."

"मेलेल्या माणसाला तरी सोड."

तेवढ्यात फोन वाजला. साइटच्या तक्रार विभागाचा. वकिलानं डोळा मारला आणि आवाज मोठा करून फोन ताईच्या उशाशी ठेवला. "ऐक. भाऊ तुझा काय चीज आहे ते."

"निकाल तुमच्या बाजूनं लागलाय," पलीकडची बाई म्हणाली. "खडा काचेचा, हे तुमचं म्हणणं आम्ही मान्य केलंय. व्यवहार कायम. तक्रार मान्य झाली की खातं बंद करायचं असा नियम आहे, म्हणून त्यांचं खातंही बंद केलं."

"करायलाच हवं होतं. काय म्हणत होती म्हातारी? नकली दिली म्हणून?"

"तुम्ही त्यांचे निरोप वाचले नाहीत?"

"असल्यांचे मी वाचत नाही."

"त्या नकली म्हणतच नव्हत्या. हिरा आहे तो. त्यांनी दोन सराफांकडे तपासून घेतला. विकणाऱ्याला कल्पना नसेल, गरजेपोटी विकली असेल, म्हणून परत पाठवत होत्या."

ताईनं उशीवरची मान वळवून भावाकडे पाहिलं.

"मी घेतो परत," वकील म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "आत्ता घेतो. पार्सल थांबवा."

"त्यांच्याकडे दुसरा कुठला खडा असेल तर तो तुमचा नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. निकाल फिरवता येत नाही."

"मग त्यांचा नंबर द्या. मी पाय धरतो त्यांचे. माझी बहीण..."

"नंबर देता येत नाही. खातं बंद झाल्याचं सांगायला मीच त्यांना फोन केला होता. खूप रडल्या. मग म्हणाल्या, चोर ठरलेच आहे, तर आता ठेवूनच घेते."