पितळेची भातुकली

"घे, चहा घे. गार होईल," आई म्हणाली आणि तिने श्रीरंगपुढे पिस्तुलाच्या गोळीची रिकामी पुंगळी धरली.

श्रीरंगने ती दोन बोटांत घेतली, ओठांना लावली, प्यायल्यासारखं केलं. करतो काय बिचारा! आईने सगळ्या पुंगळ्या वर्तमानपत्रावर मांडल्या होत्या. हे पेले, ही तपेली, ही घागर. चिंच-मीठ लावून घासलेलं पितळ असं लखलखत होतं की शुगर लँड गावातल्या त्या गॅरेजात ऊन उतरल्यासारखं वाटावं. टेबलफॅन सावकाश मान फिरवत होता. आई गुणगुणत होती. त्या गाण्याला शब्दच नव्हते. ऐकता ऐकता माणसाला पेंग यावी.

श्रीरंगचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. त्याच्या गोळ्या गळत होत्या.

गळती शोधणं हा तसा त्याचा धंदाच. तेल कंपनीत तो व्हॉल्व्ह तपासायचा. शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले आणि नोकरी गेली. ते कळल्यावर आई नागपूरहून सातासमुद्रापार त्याच्याकडे आली. शेजाऱ्याने त्याला नवी हौस लावली होती. शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जायचं, गोळ्या झाडायच्या, रिकाम्या पुंगळ्या वेचून आणायच्या आणि घरी पुन्हा भरायच्या. बुडाशी नवी टिकली, आत दारू, वर शिसं. आपण दिवाळीत फोडायचो तसलीच टिकली, जरा थोराड एवढंच. पण हल्ली गोळी झाडली की टिकलीभोवती काळं कडं दिसायचं. धूर मागून निसटत होता. काही पुंगळ्यांत तर टिकली बसायचीच नाही, बोट लावलं की बाहेर. अशा पुंगळ्या तो डब्यात फेकून द्यायचा.

आधी त्याने टिकल्यांना दोष दिला. दुसऱ्या आणल्या, तेच. दारू कमी केली, तरी तेच. मग म्हणाला, पितळ थकलंय, वापरून वापरून बूड सैल झालंय. नव्याकोऱ्या पुंगळ्या आणल्या. त्याही दोन शनिवारांत गळायला लागल्या! आता मात्र गडी इरेला पेटला. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचं डोकं कशात तरी गुंतलं होतं.

भरलेल्या गोळ्या तो डबीत रचायचा, आणि डबी भरली की एक गोळी उरायची. कशी कोण जाणे, पण उरायचीच. ती तो ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि आधीची काढून घ्यायचा. ताजी असलेली बरी.

सकाळी कामावर निघताना त्याच्या बायकोने, विनीताने, विषय काढलाच होता. "श्री, आई त्या बुलेट्समध्ये स्वयंपाक करतात यार! दिवसभर गॅरेजमधून हलत नाहीत. मी जॉब करू की त्यांच्यावर लक्ष ठेवू? नागपूरला एकनाथदादा आहेत, सुलभावहिनी आहेत. मी गुरुवारचं तिकीट कन्फर्म करते."

तिचं काही खोटं नव्हतं. जिने त्याला पाढे शिकवले, ती आता पुंगळीत चहा ओतत होती. या गुरुवारी आई जाणार. पुन्हा भेटेल तेव्हा ओळखेल तरी का?

त्याने चहाचा पेला उलटा केला आणि सवयीने भिंग डोळ्याला लावलं. टिकली बसते त्या खळग्यात बारीक ओरखडे होते. गोल गोल, एकावर एक. असं दारूने होत नाही, यंत्रानेही होत नाही. कुणीतरी टोकदार वस्तूने निगुतीने कोरलं होतं. त्याने पुंगळी नाकाशी नेली. चिंचेचा वास आला.

त्याने मान वर केली. आईच्या हातात केसांचा आकडा होता. दुसऱ्या पुंगळीच्या बुडात तो गरागरा फिरत होता, आणि गाणं चालूच होतं.

श्रीरंगला हसूच फुटलं. एवढा नावाजलेला इंजिनिअर, आणि गळती ही अशी काखेत! तो आईशेजारी जमिनीवर बसला.

"अगं, तू होय! आई, भांडी बाहेरून घास ना. आतून कोरलीस की टिकली बसत नाही. मग मला टाकून द्यावी लागतात."

"ठाऊक आहे," आई म्हणाली.

गुणगुणणं थांबलं होतं. आई त्याच्याकडे बघत होती, पाढे म्हणून घेताना बघायची तशी.

"टाकून देतोस, म्हणूनच कोरते. सगळ्या काही जमत नाहीत. हात दुखतात."

"आई..."

"डबी भरली की एक बाजूला काढतोस. त्या ड्रॉवरमध्ये ठेवतोस. मग ड्रॉवर उघडून तिच्याकडे बघत बसतोस. आले त्याच आठवड्यात मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी भातुकली मांडली. म्हातारी खुळावली म्हटलं, की तिला गॅरेजमधून कुणी उठवत नाही."

फॅनची मान तेवढी फिरत होती. श्रीरंग लहान मुलासारखा रडायला लागला. आईने त्याला रडू दिलं. मग आकडा केसात खोचला आणि चिंचेने काळवंडलेला तळहात त्याच्यापुढे पसरला.

"ती एक इकडे दे. मग पाठव मला खुशाल नागपूरला."