अधिकाचं वाण

‘आपका पार्सल पहुँच गया है. प्राप्तकर्ता: आशिष.’

मेसेज आईच्या फोनवर होता आणि दोन दिवसांचा शिळा होता. मुक्ता गॅस सिलिंडरचा ओटीपी शोधत होती, तो राहिला बाजूला.

“आई, नाशिकला काय पाठवलंस?”

“अधिकाचं वाण,” अरुणाबाई भेंडी चिरता चिरता म्हणाल्या. “तेहतीस अनारसे आणि तांब्याचं निरांजन. धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो बाई. जावयाचा हात रिकामा कसा ठेवायचा?”

जावई! ह्याच जावयानं मुक्ताच्या फोनमध्ये गुपचूप एक ॲप टाकलं होतं. ती भाजीबाजारात असली की फोन यायचा, “कोथिंबिरीला वीस मिनिटं लागतात?” मैत्रिणीकडे गेली की हा मैत्रिणीच्या फाटकाशी हजर. एके दिवशी तिनं ते ॲप शोधून काढलं आणि पुसलं, तर त्यानं तिचं मनगट पिरगाळून मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं. दीड महिना अरुणाबाईंनी लेकीला हातानं घास भरवले, आणि कुणी विचारलं की सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात मुक्तानं घर सोडलं आणि लखनौ गाठलं. लखनौच का? तर इथे तिचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. विकास नगरमध्ये दोन खोल्या, एका खाजगी कंपनीत नोकरी, नवा नंबर. दोन वर्षं ती डोळ्यांत तेल घालून राहिली. मराठी मंडळाच्या गणपतीला गेली नाही, कुणी फोटो काढतील म्हणून. फोनवर आपला मागोवा घेणाऱ्या ट्रॅकरना अडवणारं ॲप बसवलं. आपण कुठे बसलोय हे इंटरनेटला कळू नये म्हणून व्हीपीएन घेतलं. वडील गेल्यावर आईला इकडे आणलं, तेव्हा स्टेशनवरून घरी येताना रिक्षातच आईच्या फोनवरही हे सगळं चढवलं.

तेव्हापासून फोनच्या हिशेबी अरुणाबाई स्वीडनमध्ये बसून वरणाला फोडणी देत होत्या. बाहेर बेचाळीस अंशांचा फुफाटा, कूलरची घरघर, आणि फोन सांगायचा, आज नऊ अंश, छत्री बरोबर ठेवा. त्या हसायच्या. पण लेकीनं सांगितलेलं सगळं पाळायच्या. अनोळखी लिंक उघडायची नाही, नाही उघडली. लोकेशन बंद, तर बंद. शेजारच्या गीता भाभींनी “आंटी, एक सेल्फी?” म्हटलं तर पदर तोंडावर घ्यायच्या. मुक्ताला आईचं कोण कौतुक वाटायचं!

“डब्यावर आपला पत्ता लिहिलास?” मुक्ताचा आवाज चिरकला.

“कुरियरवाले भैया म्हणाले, माताजी, भेजनेवाले का पता लिखना पड़ेगा.”

“मग खोटा लिहायचास! कुठलाही! अमीनाबाद लिहायचंस, चारबाग लिहायचंस!”

अरुणाबाईंनी विळी आडवी केली. “देवाच्या वाणावर खोटं लिहू?”

हजारो ट्रॅकर अडवले गेले होते. पण आईनं सुवाच्य अक्षरात, पिनकोडसकट पत्ता लिहून दिला होता, आणि वर पोच घेतली होती.

“हात दाखवून अवलक्षण केलंस गं आई!” मुक्ता ओरडली आणि मग तिला ओरडायलाही वेळ नाही हे लक्षात आलं. पार्सल सोमवारी पोचलं. आज बुधवार. नाशिकहून लखनौला यायला गाडीला एक दिवस पुरतो. तिनं खिडकीचा पडदा ओढला, दाराची वरची कडी लावली आणि ऑफिसातल्या देवयानीला फोन केला. देवयानी लखनौच्याच महानगर भागात राहायची. “अभी आ जा, आंटी को भी ले आ,” ती म्हणाली, एकही प्रश्न न विचारता.

मुक्तानं बॅग काढली. कपडे, कागदपत्रं, आईच्या बीपीच्या गोळ्या. मनगट ठणकायला लागलं. ते थंडीत ठणकायचं, आज भर उन्हाळ्यात ठणकत होतं. तिला रडू येत होतं, आणि रागही येत होता त्या रडण्याचा. दोन वर्षं! पुन्हा नवं घर, पुन्हा नवा नंबर, पुन्हा जिन्यात पाऊल वाजलं की श्वास धरून बसायचं.

मागे वळून बघते तो आई दारात उभी. हाताला भेंडीचा चिकटा तसाच, डोळे भरलेले. मुक्ताचा जीव कळवळला. ह्या बाईचं सगळं आयुष्य सणवार आणि देणंघेणं करण्यात गेलं, तिला काय कळणार पत्ता म्हणजे काय ते! तिनं आईला जवळ घेतलं.

“रडू नकोस. तुझी चूक नाही, मीच नीट सांगायला हवं होतं. चल, दोन साड्या घे तुझ्या.”

अरुणाबाई हलल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले. मग वाकून बॅगेतला मुक्ताचा कुर्ता बाहेर काढला, झटकला, नीट घडी घातली आणि पुन्हा कपाटात ठेवला.

“चूक कसली?” त्या शांतपणे म्हणाल्या. “भांड्याला भांडं लागतंच. बाहेरची शाई पुसली गेली तर पंचाईत, म्हणून आत चिठ्ठीतही घातला होता मी पत्ता.”