अक्काचा तिरका दात

कवळी दुसऱ्यांदा परत आली. सोबत डॉक्टरांचा तोच निरोप: बाईंना पुढचा तिरका दात नको, सगळे सरळ हवेत.

घाईबाईने डबी उघडली. मेणात बसवलेले दात तिच्याकडे बघून हसत होते. बाकीचे शिस्तीत उभे, वरचा पुढचा एकच शेजाऱ्यावर किंचित रेललेला. कवळ्या बनवणाऱ्या या छोट्या लॅबमध्ये आल्यापासून ती प्रत्येक तोंडात तो तसाच बसवायची. अक्काने तसंच शिकवलं होतं.

"सरळ करून टाक की," मालक म्हणाले. "अजून मेणातच आहे. काय मोठं काम आहे?"

"नाही करणार. माणसाचं तोंड आहे ते, कुंपण नव्हे."

"हे अक्काचं वाक्य झालं."

"मग? चुकीचं आहे का?"

मालकांनी कपाळाला हात लावला. "अक्का रिटायर होऊन मुलीकडे गेली आणि जाताना तुला माझ्या मानगुटीवर बसवून गेली! हे बघ, ही कवळी आणखी एकदा परत आली ना, तर यापुढे इथली प्रत्येक कवळी रुळासारखी सरळ. सांगून ठेवतो."

घाईबाईने कोपऱ्यात बघितलं. अक्काच्या खुर्चीवर आता प्लास्टरच्या पिशव्या बसल्या होत्या. परगावाहून फोन यायचे, तेही हल्ली कमी झाले होते. राहिला होता तो हा दात. अक्काचा स्वतःचा दात हुबेहूब असाच होता. मेणात तो बसला की वाटायचं, अक्काच हसली. आता तोही काढायचा?

घाईबाई हे नावसुद्धा अक्कानेच दिलेलं. नवीन असताना घाईघाईत तिने डावीकडचे दात उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे बसवले होते. दुसरं कोणी असतं तर सालटी काढली असती. अक्काने ती कवळी समोर धरली, निरखली आणि विचारलं, "घाईबाई, हा गृहस्थ नक्की कोणाकडे बघून हसतोय गं?" दोघी पोट धरधरून हसल्या. तेव्हापासून सासूशी वाजलं, पोरगं तापलं, नवऱ्याची नोकरी गेली, काहीही झालं तरी स्टूल ओढून अक्काच्या टेबलाशी बसायचं. अक्का हातातलं काम न थांबवता सगळं ऐकायची, आणि शेवटी म्हणायची, "बरं, आता खाऊन घे."

घाईबाईने डबी बंद करून हातात घेतली. "त्या बाईंना मीच भेटते. समजावून सांगते."

दवाखाना शेजारच्याच गल्लीत होता. डॉक्टरांनी हसू दाबत आतलं दार दाखवलं. आत उंच खुर्चीवर एक म्हातारी पाठमोरी बसली होती.

"बाई, रागावू नका," घाईबाईने दारातूनच सुरुवात केली, "पण सगळे दात सरळ म्हणजे..."

"कुंपण!" म्हातारी बोळक्या तोंडाने म्हणाली आणि वळली. "काय गं, पेशंटचं ऐकायचं नाही, हे कोणी शिकवलं तुला?"

"तूच!" घाईबाई ओरडलीच. मग धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. "अक्का! आणि हे दात?"

"गेले सगळे. कवळी तुझ्याच हातची हवी होती, म्हणून इथल्या भाचीकडे मुक्काम ठोकलाय. नाव सांगितलं असतं तर तुझे हात थरथरले असते. आणि हे बोळकं घेऊन तुझ्यासमोर कशी येऊ? म्हटलं, नवे दात घालूनच जाऊ."

"वेडी आहेस तू," घाईबाई डोळे पुसत म्हणाली. तिला इतकं बरं वाटत होतं की भांडायचं राहूनच गेलं. तिने डॉक्टरांकडून दिवा आणि मेण कोरायची पात मागून घेतली, पात गरम केली, मेण सैल केलं आणि तो दात अलगद सरळ केला. अक्का मान पुढे काढून बघत होती. शिकवतानाही अशीच बघायची.

"बाकीच्यांना मात्र तिरकाच बसव हं," अक्का म्हणाली. "मालकांना मी सांगते. दिसतो छान."

घाईबाईने पात खाली ठेवली. "हा कुठला न्याय? तुला नको, आणि बाकीच्यांना का?"

अक्का लाजली. या वयातही तिचे कान लाल झाले.

"अगं, शाळेपासून या दातावरून चिडवायचे मला. लग्नाच्या फोटोतसुद्धा ओठ मिटलेले आहेत. मग हे काम हातात आलं आणि म्हटलं, मी एकटीनेच का वाकडं हसायचं? लाव सगळ्या गावाला!"