शोध: शून्य

"सही करा शकू, उद्या आठला बैठक आहे," सर्वेक्षणाचे प्रमुख दत्तात्रेय सर म्हणाले.

शकूने पेन उचललं नाही. समोर तिनेच चालवलेल्या मॉडेलचे आकडे होते. रोह्याजवळच्या वाड्यांमधली माणसं महिन्याचे किती दिवस बेकार असतात आणि कशामुळे, याचं समीकरण. शिक्षण, वय, जमीन, स्टेशनपासूनचं अंतर, कामाचा शोध. शेवटच्या कारणाने बाकीची सगळी गिळून टाकली होती. 'गेल्या आठवड्यात काम शोधलंत का?' या प्रश्नाला दोनशे चाळीसपैकी दोनशे अकरा जणांनी 'नाय' म्हटलं होतं. म्हणून सरांनी निष्कर्ष लिहिला होता: स्थानिकांना कामाची इच्छा नाही. त्यावर तिथे येणारी नवी कंपनी बाहेरून माणसं आणायला मोकळी होणार होती.

"दोनशे अकरा माणसं एकसारखी आळशी कशी असतील, सर?"

"आकडे तुमचेच आहेत."

तेच तिला खुपत होतं. दुपारी ती परत वाडीवर गेली. पारीआजी अंगणात लाकडं रचत होती.

"आजी, तुमच्या नातवाने, मंगळ्याने, काम शोधलं नाही म्हणून सांगितलं. का नाही शोधलं?"

"कोंबडी हरवली तं शोधतात गो. काम काय हरवलंय?"

"मग काम मिळतं कसं?"

"उभं रवून. सकाळी सहाला समदी नाक्यावर उभी रवतात. मुकादमाची गाडी येते. तो बोट दावील तो चढतो. बाकीचे दहापर्यंत उभे, मंग घरी." आजीने लाकूड खाली ठेवलं. "इतकी शिकलीस नि इचारतेस येड्यावानी."

शकूचे कान तापले. तिचे वडील पेणच्या मिठागरात कामाला. आगर ठरलेलं, माणसं ठरलेली. नाक्यावर उभं राहायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. म्हणून तो शब्द तिच्या फॉर्ममध्ये आलाच नव्हता.

ती वाडीतल्या घराघरांत पुन्हा गेली. आता प्रश्न दोनच होते: 'गेल्या आठवड्यात गाडी किती वेळा आली?' आणि 'किती दिवस उभे राहिलात?' सहा. सहा. पाच, एक दिवस ताप होता. सहा. अंधार पडायच्या आत तिने ऑफिसात येऊन त्या वाडीपुरतं मॉडेल पुन्हा चालवलं. आळस कुठेच उरला नाही. उरलं एकच कारण: गाडी किती वेळा आली.

सरांनी तिचा नवा अहवाल बघितला आणि तिच्याकडे परत सरकवला.

"प्रश्न मधेच बदलता येत नाही. सगळ्या देशात असाच विचारतात."

"देशात विचारा. वाडीत तो कुणाला कळला नाही."

"शकू, तुमच्या कराराची मुदत या महिन्यात संपते. ती वाढवायची शिफारस मी करायची आहे."

"माहीत आहे, सर." तिने जुन्या अहवालावर सही केली नाही. नव्यावर केली.

सकाळी आठला तहसीलच्या सभागृहात साठ खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत कंपनीचे तिघे बसले होते. त्यांच्यामागे सगळं रिकामं. अध्यक्षांनी दोन्ही अहवाल उघडलेसुद्धा नाहीत.

"वाडीतल्या लोकांना मुद्दाम बोलावलं होतं. स्वतःच्या नोकरीचा विषय, तरी एक माणूस फिरकला नाही. आणखी काय पुरावा हवा?"

दत्तात्रेय सर गालातल्या गालात हसले. कंपनीच्या माणसाने घड्याळ बघितलं.

शकू उभी राहिली. "साहेब, मी आत्ता नाक्यावरून आले. पुरावा तिथे उभा आहे."

"तुम्हाला बोलायला सांगितलं नाही."

"नाही सांगितलं," ती म्हणाली आणि खाली बसली नाही. "पण या रिकाम्या खुर्च्या मोजा, साहेब. इथे जे आले नाहीत, ते आत्ता काम शोधतायत."